द्राक्षवेलीची शाळा

२०२० सालच्या जानेवारीत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेस भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांनी त्या शहराचे नाव प्रथमच आस्थेने उच्चारले असेल. २०२३ पासून ते शहर आणि तो जिल्हा धाराशिव या नावाने ओळखला जातो. तुळजाभवानीचे क्षेत्र, गोरोबा कुंभारांचे तेर आणि वारंवार पडणारा दुष्काळ, एवढीच या जिल्ह्याची बाहेरची ओळख. त्या कोरड्या मुलखात द्राक्षाचे मांडव उभे आहेत, असे सांगितले तर किनारपट्टीवरील वाचकांना नवल वाटेल. हे मांडव कसे उभे राहिले, आणि त्याहीपेक्षा ते उभारण्याची विद्या तेथील शेतकऱ्यांना कोणी दिली, याचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

आरंभ तेरपासूनच करावा लागतो. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन ‘तगर’, असे बहुतेक संशोधक मानतात. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेली जाई. त्याच बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालाच्या यादीत पहिल्याच ओळीत द्राक्षमद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला विशेष मागणी असल्याचे ग्रंथकार नोंदवतो. म्हणजे ज्या काळी आपल्या प्रभूचे शिष्य भूमध्यसागराच्या काठाने सुवार्ता सांगत हिंडत होते, त्या सुमारास तेरचे कापड आणि इटलीचा द्राक्षरस एकाच धक्क्यावर भेटत होते. मात्र मद्य आले म्हणून वेल आली असे होत नाही. बुधला जहाजातून येतो. वेल वाढवायची तर माणसाला तिच्याजवळ बारमाही बसावे लागते.

दख्खनमध्ये वेल पुढे आली, रुजलीही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे लिहून ठेवले आहे. त्याला जे कौतुकाचे वाटले तेच पुढे बागायतदारांच्या डोक्याला त्रासाचे झाले. युरोपात हिवाळ्याच्या बर्फात वेल निजते, वसंतात जागी होते आणि वर्षातून एकदाच फळते. आमच्याकडे तिला झोपच नाही. तिच्या मनाप्रमाणे वाढू दिले तर ती दोनदा फळेल खरी, पण पावसाळ्यात आलेले घड केवडा आणि करपा या रोगांच्या तोंडी जातात. म्हणून महाराष्ट्राने स्वतःचीच रीत बसवली : छाटणी दोनदा, पीक एकदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार करायची. त्या काडीच्या डोळ्यांत घडाचा गर्भ धरतो. मग पावसाळा सरता ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी घेतली की फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत माल उतरतो. काडीवर किती डोळे ठेवायचे, कोणत्या आठवड्यात कात्री लावायची, केव्हा पाणी तोडायचे, याचे उत्तर कोणत्याही फ्रेंच वा अमेरिकन ग्रंथात सापडणे शक्य नव्हते. ते येथेच, एकमेकांच्या बागा पाहून शोधावे लागले.

युरोपातील वेलीची विद्यासुद्धा एकट्यादुकट्याने मिळवलेली नव्हती, हे येथे नमूद करावेसे वाटते. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो मठाच्या संन्याशांनी बर्गंडीच्या टेकड्यांवर द्राक्षमळे राखले. मिस्सेसाठी द्राक्षरस हवा, ही त्यांची निकड होतीच. तो द्राक्षापासून नैसर्गिकरीत्या झालेला आणि न नासलेला असावा, हा धर्मसभेचा दंडक आजही कायम आहे. परंतु आम्हांस त्यांच्या मळ्यांपेक्षा त्यांच्या व्यवस्थेचे अधिक वाटते. या पंथाच्या मठांचे मठाधिपती दरवर्षी सितोला जमत आणि आपापल्या मठाचा कारभार सर्वांसमोर मांडत. सभा धर्मशिस्तीची होती. पण ज्या पंथात माणसे अशी नेमाने भेटतात, तेथे नांगराची आणि कात्रीची गोष्टही एका मठातून दुसऱ्या मठात जातेच.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने केले. राज्याची आणि संघाची स्थापना एकाच वर्षीची, १९६०. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे त्याचे चार विभाग पडले. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेला उस्मानाबाद जिल्हा सोलापूर विभागाला जोडला गेला. संघाचे वार्षिक अधिवेशन, छाटणीच्या हंगामाआधीची चर्चासत्रे, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक आणि शिवारफेरी ही या शाळेची चार दालने. शिवारफेरी म्हणजे दहा-वीस बागायतदारांनी कोणा एकाच्या बागेत जाऊन मांडवाखाली उभे राहून केलेली तपासणी. पाने उलटून पाहायची, घड हातात घ्यायचा आणि मालकाला नाही नाही ते प्रश्न विचारायचे. शाळा-महाविद्यालयांत असे प्रश्न विचारले जात असते तर आपल्या शिक्षणाचे रूप वेगळे झाले असते. असो.

या शाळेने केवळ बाहेरची विद्या वाटली नाही, स्वतःची निर्माणही केली. थॉम्पसन सीडलेस हे बिनबियांचे वाण मध्यपूर्वेतून कॅलिफोर्नियामार्गे येथे आले. तासगाव तालुक्यातील बोरगावी वसंतराव आर्वे यांच्या बागेत त्यातून ‘तास-ए-गणेश’ निवडले गेले. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांचे ‘सोनाका’ आणि काळे ‘शरद सीडलेस’ ही वाणे पुढे आणली. ही माणसे कोणत्याही प्रयोगशाळेतली नव्हती. हजारो घडांत एक घड निराळा दिसला, तो ओळखण्याची नजर त्यांच्यापाशी होती, आणि तिची काडी शेजाऱ्याला देण्याचा मोठेपणाही. नान्नजहून तुळजापूर फार दूर नाही. काडी आली, काडीबरोबर ती लावणारा माणूस ओळखीचा झाला, आणि धाराशिवच्या शेतकऱ्याला सोलापूरच्या बैठकीला जाण्याचे निमित्त मिळाले.

१९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि युरोपची बाजारपेठ खुली झाली. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. शाळेला आता प्रयोगशाळा लाभली. पण बाजारपेठ हीसुद्धा एक शिक्षिका असते, आणि ती छडी हातात घेऊनच वर्गात येते. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी आणि मालाची अंश-तपासणी सुरू झाली. २०१० मध्ये दुसरा तडाखा बसला. शेंड्याची वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीसीसी या संजीवकाचे अंश सापडले आणि कित्येक कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. ते औषध बागायतदारांनी लपूनछपून मारले नव्हते. ती रीतच होती. त्या वर्षानंतर फवारणीची वही ठेवणे आणि काढणीपूर्वी किती दिवस कोणते औषध बंद करायचे हे पाठ असणे, लहान बागायतदारालाही भाग पडले. आज ‘शाश्वत शेती’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. द्राक्षाच्या बाबतीत त्याचा पहिला धडा असा नुकसानीतून आला.

आता पाण्याविषयी. खारे पाणी आणि अवर्षण यांना थॉम्पसनची स्वतःची मुळे टिकेनात, म्हणून १९९०च्या दशकापासून ‘डॉगरीज’ या अमेरिकन खुंटावर कलम करण्याची पद्धत पसरली. हा खुंट मूळचा टेक्सासच्या रानवेलींतला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा त्यांनाही अमेरिकेच्या, त्यांत टेक्सासच्याही, रानवेलींच्या मुळांनीच वाचवले होते. धाराशिवच्या शेतकऱ्याने आधी खुंट लावला, तो रुजल्यावर त्यावर कलम भरले, ठिबकाच्या नळ्या अंथरल्या, बोदावर उसाचे पाचट पसरले आणि शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर लावले. ठिबकवरची बाग उसापेक्षा कमी पाण्यात येते, हे खरेच आहे.

परंतु आमच्या मते या शाळेच्या अभ्यासक्रमात एक उणीव दीर्घकाळ राहिली. मण्याचा आकार आणि साखर कशी वाढवावी, हे तिने उत्तम शिकवले. गावाच्या पोटात पाणी किती आहे आणि त्यावर किती एकर मांडव पेलेल, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या विहिरीवर सोडून दिला. बोअर खोल जात राहिले. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली आणि पाठोपाठ सलग दोन वर्षे पाऊस रुसला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या काळात मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर बागा जगवण्याची धडपड चालली होती, आणि जेथे ते परवडेना तेथे वेलींवर कुऱ्हाड चालवावी लागली. द्राक्षाची बाग उभी करायला तारा, अँगल, खुंट, कलम असा लाखोंचा खर्च येतो आणि तो बहुधा कर्जातूनच केलेला असतो. वेल तुटते, हप्ता तुटत नाही. अहमदनगरच्या खेड्यांत पाणलोटाचे काम उभारणारे स्वित्झर्लंडचे येशूसंघी फादर हर्मन बाखर यांचे सूत्र असे होते की, आधी सगळ्या गावाने मिळून डोंगरावरचे पाणी अडवावे आणि पिकाचा विचार त्यानंतर करावा. द्राक्षाच्या शाळेने हा क्रम उलटा लावला होता.

दूरच्या एका उदाहरणाचा येथे उपयोग होईल. कॅलिफोर्नियातील लोडी या भागात १९९१ साली द्राक्ष उत्पादकांनी आपल्याच मतदानाने मंडळ स्थापन केले आणि २००० साली एक स्वाध्यायपुस्तिका काढली. तीत बागायतदार स्वतःच आपल्या बागेला गुण देतो : माती, पाणी, कीड आणि मजुरांची वागणूकसुद्धा. ती द्राक्षे वाइनची. महाराष्ट्रातही २००१ च्या वाइन धोरणानंतर नाशिक-सांगलीकडे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. पण तेथे पुष्कळशा शेतकऱ्यांना सल्ला देणारा आणि माल घेणारा एकच होता, आणि २००८-०९ च्या मंदीत खरेदी आटली तेव्हा दोन्ही हातचे गेले. धाराशिवमध्ये मुख्यतः खाण्याची द्राक्षेच राहिली. २०२० च्या टाळेबंदीत ऐन काढणीत व्यापारी फिरकेनात, तेव्हा पुष्कळ माल बेदाण्याच्या शेडकडे वळला. वसईच्या सुकेळीशी परिचय असणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. फरक इतकाच की केळी उन्हात वाळतात आणि हिरवा बेदाणा सावलीत.

अशा वेळी कोणत्या शेडमध्ये जागा आहे, कोणत्या बाजारात काय भाव आहे, हे संघात ज्याची ऊठबस आहे त्याला आधी कळते. एकाकी शेतकऱ्याला ते औषधविक्रेत्याच्या दुकानात कळते, तेही त्याच्या सोयीचे तेवढेच. संघाचे सभासद होणे म्हणजे पावती फाडणे नव्हे, ते याच कारणासाठी. पानदेठाची तपासणी केव्हा करावी, भुरीची लक्षणे कोणत्या पानावर आधी दिसतात, हे सांगणारा माणूस फुकट भेटतो. त्याची परतफेड म्हणून आपली बागही चार जणांना उघडी ठेवावी लागते.

या बैठकांत एका वर्गाची हजेरी मात्र अद्याप तुरळकच आहे. घडाची विरळणी, म्हणजे दाट मण्यांतून नेमके मणी कात्रीने काढणे, हे काम प्रायः बाया करतात. मान वर करून दिवसभर मांडवाखाली उभे राहावे लागते. कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते, आणि फवारलेल्या पानांचा स्पर्शही सर्वांआधी त्याच बोटांना होतो. त्यांची बैठक घ्यायची तर ती विरळणी सुरू होण्याआधी, नोव्हेंबरच्या एखाद्या सायंकाळी, रोजगार न बुडवता गावातच घ्यावी लागेल. द्राक्षाच्या गावांत तेवढी जागा आणि तेवढी विद्या आज निश्चितच आहे.