ग्रुनेवाल्ड : बर्लिनचे एक श्रीमंत उपनगर आणि फलाट क्रमांक १७

१/ बर्लिनच्या पश्चिमेस, जंगलाला लागून ग्रुनेवाल्ड हे निवासी उपनगर आहे. रुंद रस्ते, जुने वृक्ष, तळ्याकाठचे प्रशस्त बंगले. येथील रेल्वे स्थानकात मात्र असा एक फलाट आहे, जेथून आता एकही गाडी सुटत नाही. या वसाहतीचा आणि त्या फलाटाचा हा इतिहास.

२/ १८७१ मध्ये बर्लिन जर्मन साम्राज्याची राजधानी झाले. पॅरिसच्या शाँझेलिझेसारखा राजमार्ग येथेही असावा, ही बिस्मार्कची इच्छा. खर्चाचा प्रश्न असा सुटला : कुरफ्युर्स्टेनडाम हा रस्ता खासगी कंपनीने बांधायचा आणि मोबदल्यात ग्रुनेवाल्ड जंगलातील २३४ हेक्टर जमीन घरबांधणीसाठी मिळवायची.

३/ १८८९ पासून बंगले उभे राहू लागले. काही भाग दलदलीचा होता. तेथे चार कृत्रिम तळी निर्माण करण्यात आली. दलदल गेली आणि भूखंडांना तळ्याचा काठ लाभला. रेल्वे स्थानक तर १८७९ पासूनच होते. १९२० साली ही वसाहत बृहद् बर्लिनमध्ये विलीन झाली.

४/ बँकर, कारखानदार, प्राध्यापक, प्रकाशक येथे स्थायिक झाले. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक आणि पुढे हिटलरविरोधी कटात सामील झालेला धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांची घरे एकाच रस्त्यावर होती. रहिवाशांत अनेक ज्यू कुटुंबे होती. ती स्वतःला जर्मनच मानत.

५/ त्यांपैकीच एक वाल्टर राथेनाउ. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मनीच्या कच्च्या मालाची व्यवस्था उभारली. १९२२ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. २४ जून १९२२ रोजी सकाळी ते उघड्या मोटारीतून घराबाहेर पडले आणि घराजवळच गोळ्या व हातबाँब यांनी त्यांची हत्या झाली. मारेकरी अतिरेकी राष्ट्रवादी गुप्त संघटनेचे होते. मंत्री ज्यू असणे त्यांना असह्य होते.

६/ १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. कादंबरीकार लिऑन फॉइश्टवांगर तेव्हा परदेशात होते. त्यांचे ग्रुनेवाल्डमधील घर लुटले गेले, नागरिकत्वही हिरावले गेले. ज्यांना शक्य होते ते घरदार सोडून देशाबाहेर पडले. सर्वांना ते शक्य नव्हते.

७/ १८ ऑक्टोबर १९४१. लेव्हेट्सोव्ह रस्त्यावरील सिनेगॉगमध्ये गोळा केलेल्या ज्यूंना शहरातून ग्रुनेवाल्ड स्थानकाकडे नेण्यात आले. हजाराहून अधिक माणसांना घेऊन गाडी पोलंडमधील वूजकडे निघाली. बर्लिनहून निघालेली ही पहिली हद्दपारीची गाडी.

८/ पुढे रीगा, थेरेसिएनश्टाट, आउशविट्झकडेही गाड्या गेल्या. काही शहरातील अन्य स्थानकांतूनही सुटल्या. बर्लिनमधून ५०,००० हून अधिक ज्यू असे नेले गेले. रेल्वेने या वाहतुकीचे भाडे रीतसर आकारले. माणसे जंगलातून नव्हे, भरवस्तीतून नेली जात होती. पाहणारे शेजारीच होते.

९/ युद्धानंतर या गोष्टीवर दीर्घकाळ मौन राहिले. १९९१ मध्ये स्थानकाबाहेर स्मारकभिंत उभी राहिली. तिच्या काँक्रीटमध्ये मानवाकृतींच्या पोकळ्या आहेत. २७ जानेवारी १९९८ रोजी जर्मन रेल्वेने फलाट १७ चे स्मारक खुले केले. काठाने १८६ पोलादी पट्ट्या. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गंतव्यस्थान. अखेरची तारीख २७ मार्च १९४५. तेव्हा युद्ध संपायला सहा आठवडेच उरले होते.

१०/ रुळांमध्ये उगवलेली झाडे मुद्दाम तशीच राखली आहेत. पट्ट्यांवर नावे नाहीत, केवळ आकडे आहेत. नावे भेटतात ती वसाहतीच्या पदपथांवर. काही घरांसमोर पितळी मुलाम्याचे छोटे चौकोनी दगड बसवले आहेत. त्यांवर ‘येथे राहत होते’ हे शब्द, खाली नाव, जन्मवर्ष आणि त्या व्यक्तीचे पुढे काय झाले याची नोंद. वाचण्यासाठी मान खाली घालावी लागते.