बीएनपी : हृदयाचा ताण सांगणाऱ्या रक्ततपासणीची गोष्ट

१९६० मध्ये अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली. पण झडप बदलल्यावर थकलेला स्नायू कितपत सावरेल, हे रक्तातून सांगणारी तपासणी तेव्हा नव्हती.

१९८१ मध्ये कॅनडात डॉ. अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. हृदय नुसता पंप नाही, ते हार्मोनही तयार करते, हे कळले. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना असेच एक रसायन डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून बीएनपीच्या नावात ‘ब्रेन’ आला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होते. नाव मात्र तेच राहिले!

महाधमनीची झडप अरुंद झाली, की डावा कप्पा जोर लावून थकतो आणि रक्तातील बीएनपी वाढते. शस्त्रक्रियेपूर्वी ते खूप वाढलेले असेल, तर नंतरचा धोकाही जास्त असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले. म्हणूनच झडप खूप अरुंद आहे पण त्रास काहीच नाही, अशा रुग्णात ‘थांबावे की आताच बदलावी?’ हे ठरवताना ही तपासणी मदत करते.

मात्र वय आणि किडनीचे आजार यांमुळेही बीएनपी वाढते, तर लठ्ठपणात ते कमी दिसते. त्यामुळे केवळ आकडा पाहून घाबरू नका किंवा निर्धास्तही राहू नका. इको आणि लक्षणांसह त्याचा अर्थ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्या.