यादीत नसलेली वाडी

नांदगाव खंडेश्वरात उंचवटा म्हणावा तर खंडेश्वराच्या देवळाची टेकडी. ती कोसळेल अशी धास्ती कुणालाच नाही. तरीही इथले तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला बसतील, तेव्हा त्यांना आधी रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ला कोसळलेल्या दरडीचा घटनाक्रम शिकवावा, असं माझं मत आहे. दोरखंड आणि स्ट्रेचरची प्रात्यक्षिकं नंतर.

नऊ वर्षं आधी. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. सकाळी गाव दरडीखाली गाडलं गेलं आणि बाहेर ते कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या रस्त्यानं तो गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही. १५१ माणसं गेली, त्यांत महादेव कोळी आदिवासी मोठ्या संख्येनं. त्या गावाला निदान एसटी तरी होती.

दोन वर्षं आधी. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळिये. ऐंशीहून जास्त बळी. दरडप्रवण गावांच्या याद्यांची पुन्हा चर्चा झाली. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत असलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी मात्र यादीबाहेरच राहिली. यादीत नाव यायला आधी कुणाला तरी तिथवर चढून जावं लागतं, आणि वाडीला रस्ता नव्हता. वाडीतली काही कुटुंबं आधीच खाली उतरून झोपड्या बांधू पाहत होती, पण वनजमीन म्हणून त्या हटवल्या गेल्या, असं वाचलेल्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. म्हणजे धोका वाडीला कळत होता, फक्त तो नोंदवायला रकाना नव्हता.

शेवटचे तीन दिवस. १७ ते १९ जुलै २०२३. त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो, त्याच्या निम्म्याहून जास्त.

१९ जुलै, दिवसभर. रायगडला रेड अलर्ट. सावित्री, अंबा, पाताळगंगा यांनी धोक्याची पातळी ओलांडली. मुंबईच्या लोकल अडखळल्या, वाहिन्यांचे कॅमेरे स्टेशनांवर. यात कुणाचं काही चुकलं असं नाही. नदीच्या पातळीवर नजर असते, कारण काठाला शहर असतं. डोंगराच्या कुशीतल्या पन्नासेक घरांवर किती पाऊस मुरला, हे त्या दिवशी कोण मोजणार होतं?

रात्री १०.३० ते ११. वाडीतली काही पोरं शाळेच्या इमारतीत मोबाइलवर खेळत बसली होती. बाकी घरं झोपेत. दरड आली. आवाज ऐकून पोरं बाहेर पळाली आणि बातमी खाली पोचली ती त्यांच्यामुळे. सायरन नाही, एसएमएस नाही.

रात्री ११.३०. जिल्हा प्रशासनाला खबर.

मध्यरात्रीनंतर. डोंगराच्या पायथ्यापासून वाडीपर्यंत तासा-दीड तासाची चढण, चिखल, काळोख, वरून पाऊस. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकारानं गेले. जेसीबी वर नेता येईना, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. एनडीआरएफचे जवान फावड्यांनी माती उपसत राहिले. जो रस्ता वाडीला कधी मिळाला नव्हता, तो त्या रात्री सरकारलाही मिळाला नाही.

२३ जुलै. शोध थांबवला. २२८ रहिवाशांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ताच.

आता कायद्याकडे या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधलं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करू नये. कलम चांगलंच आहे, पण ते बोलतं घात झाल्यानंतरचं. वरच्या घटनाक्रमातला भेद पाहा, तो सगळा साडेदहाच्या आधीचा आहे.

आपल्या तालुक्यात दरडीच्या जागी वीज ठेवा, किंवा नाल्याचा पूर. दामिनी ॲप विजेचा इशारा देतं, पण ते असतं शेतमालकाच्या फोनमध्ये आणि मालक असतो घरी. निंदणाला आलेल्या बाया आभाळ भरून आलं की धुऱ्यावरच्या झाडाखाली जातात, कारण आडोशाला दुसरं काहीच नसतं. याच तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा उभी केली.  गावापासून लांब पडलेल्या पारधी बेड्यावर दवंडी पोचते का, पूर आला तर तिथली म्हातारी माणसं कुणाच्या बैलगाडीत बसणार, हे तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात शोधून पाहावं.

प्रशिक्षणाच्या वर्गात आपापल्या गावाचा घटनाक्रम लिहून घ्यावा. प्रत्येक ग्रामसेवकाला कागद द्यायचा आणि सांगायचं: इशारा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी चार वाजता आला. सरपंचाच्या घरी किती वाजता? बौद्धवाड्यात किती वाजता? वीटभट्टीवर, मेंढपाळांच्या पालावर, बेड्यावर किती वाजता, आणि निरोप घेऊन कोण जाणार, त्याचं नाव? ‘यंत्रणेमार्फत’ हे उत्तर चालणार नाही, माणसाचं नाव हवं. रकाना कोरा राहिला तर तो भरायची घाई करू नये, कागद तसाच तहसीलदारांपुढे ठेवावा.