मांडव उतरल्यानंतर

व्रत उजवतात, तशी आपल्याकडे लेकही उजवतात. तिचे हात पिवळे केले जातात आणि लग्न पार पडले की बाप 'मोकळा' होतो. या साऱ्या बोलण्यात मुलगी स्वतः काहीच करत नाही. जे होते ते तिचे होते. बालविवाहाच्या अभ्यासाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकांनी सुरुवात कायद्यापासून किंवा आकड्यांपासून न करता या रोजच्या शब्दांपासून करावी, असे आम्हाला वाटते. लग्न लागले की गोष्ट संपली, हा समज याच शब्दांत मुरलेला आहे. या संग्रहाची गोष्ट मात्र मांडव उतरल्यावर सुरू होते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला, तेव्हा त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण तो पुढे फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम 1887 मध्ये झाला आणि रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या आणि डॉक्टर म्हणून सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्य वेचले. ही हकीकत बहुतेकांनी शाळेत कुठेतरी ऐकलेली असते. तिच्यातला प्रश्न मात्र नीट ऐकलेला नसतो. मुलींची लग्ने लहानपणी होऊ नयेत, एवढेच रखमाबाईंचे म्हणणे नव्हते. माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मी का निभावावे, असे त्या विचारत होत्या.

कायदा दीर्घकाळ वयाभोवतीच फिरला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली आणि त्यावरून टिळक-आगरकरांच्या महाराष्ट्रात केवढे रण माजले! 1929 च्या सारडा कायद्याने मुलींसाठी चौदा हे वय ठरवले. 1978 पासून ते अठरा आहे. रखमाबाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळायला फार वेळ लागला. 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात एक चिंचोळी वाट निघाली: पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीला अठरा पूर्ण होण्यापूर्वी ते नाकारता येऊ लागले. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने ती वाट रुंद केली. आता सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुलगी जिल्हा न्यायालयात जाऊन लग्न रद्द करून घेऊ शकते. तिला पोटगी व निवाऱ्याचा हक्क आहे आणि अशा लग्नातले मूल औरस मानले जाते. या तरतुदी वापरणाऱ्या मुली थोड्या आहेत. त्या थोड्या का, हे समजून घेण्यासाठीच हा संग्रह वाचावा.

आकड्यांबद्दल एक सूचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण 2005-06 मध्ये 47.4 टक्के होते. 2019-21 मध्ये ते 23.3 टक्क्यांवर आले. महाराष्ट्राचा आकडा 21.9 टक्के, पण परभणीचा 48. म्हणजे राज्याची सरासरी परभणीला झाकते. शिवाय तुम्ही हे लक्षात घ्या की हा हिशेब यंदाच्या लग्नांचा नाही, काही वर्षांपूर्वीच्या लग्नांचा आहे.

परभणी, बीड या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यांपाशी वाचकांनी थोडे थांबावे. ऊसतोडीत मजुरांची मोजणी 'कोयत्या'ने होते: नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची आगाऊ उचल त्या हिशेबाने. एकट्या तरुणाला लग्नाने जोडीदार मिळतो आणि घराला नवी उचल. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्याकडे निघतात, तेव्हा वयात आलेली मुलगी ठेवायची कुणाजवळ? फडावरच्या खोपीला दार नसते, गावच्या घराला राखण नसते. अशा घराला 'अडाणी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. हंगामी वसतिगृहात एक खात्रीची जागा मिळाली तर तेच घर काय निर्णय घेते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आता वेगवेगळ्या यंत्रणांमधल्या समन्वयाकडे. हा शब्द सरकारी परिपत्रकांनी पार बोथट केला आहे, तरी आम्हाला तोच वापरावा लागला. 27 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राने 'बालविवाहमुक्त भारत' ही मोहीम सुरू केली. त्याआधी महिनाभर, 18 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पातळीवर दुसरे कुठलेही काम नसलेला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमण्यास सांगितले होते. ही अट का घालावी लागली, ते महाराष्ट्रातल्या खेड्यात लगेच कळते. तिथे हे पद ग्रामसेवकाकडे आहे, म्हणजे घरपट्टी, पाणीपुरवठा, घरकुलांच्या याद्या आणि त्यांत हेही.

1098 या बालमदत क्रमांकावर फोन येतो, लग्न थांबते, बालकल्याण समितीपुढे आई-बाप हमीपत्र लिहून देतात. कागदावर प्रकरण मिटते. गावात ती मुलगी आता 'लग्न मोडलेली' असते, आणि दुसऱ्या तालुक्यात गुपचूप लग्न उरकले तर हमीपत्राची फाइल तिच्यामागे तिकडे जात नाही. लग्न झालेल्या मुलीची अडचण आणखी बिकट. सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने घरचे वय एकोणीस सांगतात, नाहीतर दवाखाना टाळतात. संरक्षणासाठी केलेला कायदा आणि तिची प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून झटणारी आशाताई इथे समोरासमोर येतात. यावर काय करावे याबाबत आमच्या लेखकांचे एकमत नाही. संपादकांनी ते घडवूनही आणलेले नाही.

या मुलींना काय म्हणावे, यावरही बराच खल झाला. कागदोपत्री 'पीडिता' हा शब्द रूढ आहे, पण तो मुलीला त्या एका घटनेतच खिळवून ठेवतो. आम्ही शक्य तिथे नुसते 'मुलगी' किंवा 'ती' असे लिहिले आहे.

नव्या वाचकांनी पाने क्रमाने उलटलीच पाहिजेत असे नाही. कायद्याची प्रकरणे जड वाटली तर खुशाल मागे ठेवा आणि शेवटचा, सतरा नंबरच्या अर्जावरचा लेख आधी वाचा. शाळा सुटलेल्या मुलीला बाहेरून दहावीला बसण्याची ती वाट आहे. लेख लहान आहे. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो बहुधा माहेरच्या पत्र्याच्या पेटीत असतो. परीक्षा मार्चच्या आसपास येते, तेव्हा ती मुलगी बहुधा अजून फडावरच असते.