जामखेड आरोग्य प्रकल्प
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दुष्काळी जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सुरू केलेले ग्रामीण आरोग्यकार्य. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येतील, हे ओळखून त्यांनी गावांनी निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांत अनेकजणी दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती; पण प्रकल्पाचे खरे बळ त्याच होत. लेकराला जुलाब लागले की लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजायचे, हे सेविका आईच्या चुलीपाशी बसून तिच्याच हातून करवून घेई. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या सांगण्यापेक्षा शेजारणीचे सांगणे घरात लवकर रुजते. गरोदरपणातील तपासणी, बाळाचे वजन, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामेही त्यांच्याकडे आली. डॉक्टर शिकवायला आणि अवघड रुग्ण सांभाळायला पाठीशी असत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.