फ्रँचाइज करार आणि अमेरिकी घटकराज्यांचे कायदे

'फ्रँचाइज' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. मोकळीक, बंधनातून सुटका हा त्याचा मूळ अर्थ. पुढे राजाने दिलेला विशेष हक्क आणि मताधिकार या अर्थांनीही तो रूढ झाला. विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो ज्या व्यापारी संबंधाला लागला, त्यात मात्र मोकळीक अल्पच होती. नाव, चिन्ह व कार्यपद्धती कंपनीची; भांडवल व श्रम दुकानदाराचे; आणि करार मोडण्याचा अधिकार प्रायः कंपनीचा, अशी त्याची घडण होती.

या विषमतेची दखल प्रथम मोटारविक्रीच्या क्षेत्रात ठळकपणे घेतली गेली. १९५६ च्या संघीय कायद्याने कारखानदार सद्भावाने न वागल्यास त्याच्यावर दावा लावण्याचा हक्क विक्रेत्यास दिला. परंतु त्याच कायद्यात 'सद्भाव' म्हणजे जबरदस्ती व धाकदपटशा यांपासून मुक्तता, अशी व्याख्या असल्याने संरक्षणाची व्याप्ती संकुचित राहिली.

कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये निराळा मार्ग पत्करला. १ जानेवारी १९७१ पासून अमलात आलेल्या तेथील कायद्याने फ्रँचाइज विकण्यापूर्वी नोंदणी करणे व व्यवहाराची माहिती उघड करणे कंपनीवर बंधनकारक केले. १९७९ पासून अशी माहिती देण्याचे बंधन संघीय व्यापार आयोगाच्या नियमाने देशभर लागू झाले. तथापि त्या नियमाच्या आधारे दुकानदारास स्वतः दावा लावता येत नाही. शिवाय, सही करण्यापूर्वी मिळालेले ज्ञान करार मोडण्याच्या प्रसंगी फारसे उपयोगी पडत नाही.

ही उणीव न्यू जर्सीच्या १९७१ च्या कायद्याने ओळखली. सबळ कारणावाचून फ्रँचाइज रद्द करण्यास त्याने मनाई केली आणि दुकानदाराने कराराच्या अटींचे लक्षणीय प्रमाणात पालन न करणे हेच सबळ कारण, असे स्पष्ट केले. त्यापूर्वीच्या एका पेट्रोलपंपाच्या कराराचा प्रश्न १९७३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा 'शेल' विरुद्ध मारिनेलो या खटल्यात न्यायालयाने सार्वजनिक धोरणाच्या आधारे हीच अट करारात अध्याहृत मानली. विस्कॉन्सिनने १९७४ मध्ये 'फ्रँचाइज' ही संज्ञाच टाळून 'डीलरशिप' हा अधिक व्यापक शब्द योजला. करार मोडण्यापूर्वी ९० दिवसांची नोटीस आणि दोष दुरुस्त करण्यास ६० दिवस, अशी तरतूद केली. पक्षकारांनी कराराला कोणते नाव दिले यापेक्षा उभयतांचे हितसंबंध एकत्र गुंतले आहेत काय, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला.

राज्यांच्या या अधिकारास पुढे मर्यादाही पडली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यान्वये दुकानदाराचे हक्क कराराद्वारे सोडून देता येत नसत, आणि म्हणून असे दावे न्यायालयातच चालले पाहिजेत, असा अर्थ त्या राज्याच्या न्यायालयाने लावला होता. १९८४ मध्ये साउथलँड विरुद्ध कीटिंग या खटल्यात संघीय सर्वोच्च न्यायालयाने संघीय लवाद कायदा श्रेष्ठ ठरवून तो अर्थ अमान्य केला. परिणामी हक्क कागदावर कायम राहिला, तरी तो सांगण्याची जागा कराराच्या मसुद्याने ठरू लागली.

तरीही राज्यांनी हा प्रयत्न सोडला नाही. दोष दुरुस्त करण्यास किमान ६० दिवसांचा अवधी देणारी कॅलिफोर्नियाची दुरुस्ती २०१५ मध्ये संमत झाली. परंतु अनेक घटकराज्यांत सर्व धंद्यांना लागू असा कायदा आजही नाही. त्यामुळे शब्दशः एकच असलेला करार राज्याची सीमा ओलांडताच निराळा अर्थ धारण करतो. दुकानदाराची सुरक्षितता करारातील शब्दांवर अवलंबून असते, त्याहून अधिक त्या शब्दांची व्याख्या करण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर अवलंबून असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.