शिंगी बेडूक : निवास व आहार

दक्षिण अमेरिकेतील सेरॅटोफ्रिस प्रजातीच्या, बसकट बांध्याच्या आणि जवळजवळ अंगाइतक्याच रुंद तोंडाच्या बेडकांना शिंगी बेडूक म्हणतात. डोळ्यांवरील त्वचेचा उंचवटा शिंगासारखा दिसतो, पण तो मऊ असतो. पाळण्यात सर्वाधिक आढळणारी जाती म्हणजे सेरॅटोफ्रिस क्रॅनवेली. ती अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया व ब्राझील या देशांत पसरलेल्या ग्रान चाको या कोरड्या झुडपी प्रदेशातील आहे. सेरॅटोफ्रिस ऑर्नाटा ही जाती पाम्पास या गवताळ मैदानांतील असून तिचे वर्णन टॉमस बेल यांनी १८४३ मध्ये, बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या प्राण्यांवरील ग्रंथमालेत केले. तेथील ग्रामीण भागात हे बेडूक विषारी समजून मारले जातात, पण ते विषारी नाहीत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सेरॅटोफ्रिस कॉर्नुटा ही तिसरी जाती मुख्यतः रानातून पकडून आणली जाते आणि कोंडलेल्या अवस्थेत बरेचदा अन्न घेत नाही, त्यामुळे नवशिक्याने ती घेऊ नये. १९८० च्या एका जपानी व्हिडिओ गेमवरून व्यापारात या सर्वांना ‘पॅकमॅन बेडूक’ असे म्हटले जाते. मादी १० ते १३ सेंमी. लांबीची व नर तिच्याहून लहान असतो. नीट सांभाळल्यास हा प्राणी दहा वर्षांहून अधिक जगतो.

याच्या पालनाचे सारे नियम त्याच्या शिकारीच्या पद्धतीतून निघतात. हा बेडूक भक्ष्यामागे धावत नाही. पालापाचोळ्यात डोळ्यांपर्यंत रुतून तो तासन्‌तास बसतो आणि जवळून जे काही हलत जाईल त्यावर झडप घालतो. कधी कधी तो मागच्या पायाची बोटे किड्याप्रमाणे वळवळवतो व त्या आमिषाने भक्ष्य जवळ येते. त्याची चिकट जीभ त्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार ओढू शकते, तर क्रॅनवेली जातीतील ४.५ सेंमी. रुंद डोक्याच्या बेडकाच्या चाव्याचे बल सुमारे ३० न्यूटन असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले. खालच्या जबड्यावर सुळ्यांसारखे दोन हाडी उंचवटे असल्याने पाळणाऱ्याच्या बोटालाही जखम होते. घास गिळताना डोळे खोबणीत आत दबतात व भक्ष्याला घशाकडे ढकलतात, आणि तोंडाबाहेर राहिलेला भाग बेडूक पुढच्या पायांनी आत कोंबतो.

अशा बैठ्या प्राण्याला मोठी जागा लागत नाही. एका प्रौढ बेडकाला ४० ते ७५ लिटर मापाची, हवेशीर झाकणाची काचपेटी पुरते. तळाशी मात्र त्याला पूर्ण रुतून बसता येईल इतका, म्हणजे साधारण ८ ते १० सेंमी. जाडीचा थर असावा. यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे आपल्या रोपवाटिकांतले कोकोपीट, उत्तम ठरते. मात्र ते खतविरहित असावे आणि मुठीत दाबल्यावर पाणी न गळता गोळा व्हावा इतकेच ओले ठेवावे. खडी वा बारीक दगड घालू नयेत, कारण झडप घालताना ते पोटात जाऊन आतडे तुंबते. दोन बेडूक एका पेटीत कधीही ठेवू नयेत, कारण थोडा लहान असलेला जोडीदार दुसऱ्याचे भक्ष्य होतो. भैकेर, म्हणजे अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्ले, यांच्यातही हीच खादाड वृत्ती असते व ती एकमेकांना खातात.

तापमान दिवसा २४ ते २८ अंश सेल्सियस असावे व रात्री काही अंश उतरले तरी चालते. ३० अंशांवरचा सततचा उकाडा मात्र घातक असतो. उष्णता देणारी चटई पेटीखाली ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, कारण उकडू लागले की गारव्यासाठी खाली शिरणे ही या बेडकाची उपजत प्रवृत्ती असते आणि अशा पेटीत तो खाली जाईल तितका भाजत जातो. म्हणून चटई पेटीच्या बाजूच्या काचेला लावून तापनियंत्रकाला जोडावी. तळाचा थर सुकला तर बेडूक ग्रीष्मनिद्रेत जातो, म्हणजे कोरड्या ऋतूत शरीराच्या क्रिया मंदावून पडून राहतो, आणि मृत त्वचेच्या थरांचे कोषासारखे आवरण अंगाभोवती तयार होते. असा कडक झालेला बेडूक मेला असे समजून फेकून दिला जातो, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे; कारण उथळ, कोमट पाण्यात ठेवल्यास तो अनेकदा सावध होतो. नेहमीची कात टाकतानाही तो अंग फुगवतो, जांभई दिल्यासारखे तोंड उघडतो आणि निघालेली त्वचा ओढून खातो. हे आजारपण नव्हे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या पातळ त्वचेतून तो ते शोषतो. त्यामुळे त्याच्याच मूत्रातून थरात साचणारा अमोनिया पुन्हा अंगात जाऊन विषबाधा होते. विष्ठा दिसताच काढणे, पाणी रोज बदलणे आणि थर काही आठवड्यांनी पूर्ण नवा घालणे म्हणून अनिवार्य आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने उडून जाते, क्लोरामाइन मात्र उडत नाही, त्यासाठी मत्स्यालयाचे क्लोरीननाशक द्रव्य वापरावे. हा बेडूक पोहण्यात कच्चा असल्याने पाण्याचे भांडे उथळच हवे.

अन्नाच्या बाबतीत उपासमारीपेक्षा लाडच अधिक घात करतात. समोर हलेल ते गिळण्याची वृत्ती म्हणजे भूक नव्हे. पिल्लांना रोज किंवा दिवसाआड, तर प्रौढाला सात ते दहा दिवसांतून एकदा अन्न पुरेसे असते. रातकिडे, झुरळे, गांडुळे आणि रेशीमकिडे हा मुख्य आहार असून ते कीटकनाशक न लागलेले, पैदाशीतलेच असावेत व आधी एक-दोन दिवस त्यांना भाज्या खाऊ घालून पुष्ट करावेत. कीटकांत कॅल्शियम कमी असते. ड-३ जीवनसत्त्वयुक्त कॅल्शियमची पूड त्यांच्यावर भुरभुरली नाही, तर हाडे ठिसूळ होऊन जबडा मऊ पडतो आणि बेडकाला भक्ष्य धरता येईनासे होते. उंदराचे पिल्लू देण्याची प्रथा रूढ असली तरी ते क्वचितच द्यावे, कारण सततच्या चरबीयुक्त आहाराने लठ्ठपणा येतो आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावर मेदाचे पांढरे डाग साचून दृष्टी जाते. घास लांब, बोथट टोकांच्या चिमट्याने द्यावा.

पोट व मांड्या लालसर होणे हे एरोमोनास जीवाणूंच्या संसर्गाचे लक्षण असू शकते व त्यावर पशुवैद्यकाचा उपचार तातडीने लागतो. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस या कवकाने जगभरातील उभयचरांच्या अनेक जातींचा ऱ्हास घडवला असून पाळीव बेडकांच्या व्यापारातूनही त्याचा प्रसार होतो. ज्या सह्याद्रीत इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या बेडकांच्या अनेक जाती नांदतात, तेथे असा परका बेडूक सोडणे तर दूरच, त्याच्या पेटीतले वापरलेले पाणी व भुसाही निर्जंतुक केल्याशिवाय उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये.